दोन वर्षांची म्हणतात ती नर्सिंगची पदवी

"कम्युनिटी कॉलेजातून दोन वर्षांत नर्स होता येतं म्हणे, खरं का?" अमेरिकेतल्या मराठी घरांत हा प्रश्न सारखा निघतो. विचारणारी कधी नवऱ्याच्या नोकरीमुळे एच-४ व्हिसावर आलेली असते, कधी मुलं शाळेत जायला लागल्यावर जरा मोकळी झालेली. कधी ती पुण्याहून किंवा नाशकाहून बीएएमएस नाहीतर बीएचएमएस करून आलेली असते आणि इथे त्या पदवीवर प्रॅक्टिस करता येत नाही हे तिला कळून चुकलेलं असतं. उत्तर 'हो' आहे. फक्त त्या दोन वर्षांच्या आधीही एक-दोन वर्षं असतात, आणि ती कुणी मोजत नाही.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांच्या पदव्या देणारं सरकारी कॉलेज. तिथल्या या पदवीचं नाव असोसिएट डिग्री इन नर्सिंग, बोलण्यात एडीएन. ती घेऊन एनक्लेक्स-आरएन ही परवान्याची परीक्षा पास झालात की तुम्ही रजिस्टर्ड नर्स, म्हणजे आरएन. चार वर्षांची बीएसएन, म्हणजे नर्सिंगची बॅचलर्स पदवी, करून आलेली मुलगीही हीच परीक्षा देते आणि तिलाही हाच परवाना मिळतो. वॉर्डात दोघी शेजारी उभ्या राहिल्या तर कोण कुठून शिकून आली हे पेशंटला कळायचं काही कारण नाही.

दोन वर्षांना आणि चार वर्षांना एकच परवाना का, हे समजलं की या शिक्षणातल्या बाकीच्या बऱ्याच विचित्र गोष्टी उलगडतात. त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत नर्सेसची मोठी टंचाई होती. तोवर बहुतेक नर्सेस हॉस्पिटलांनी चालवलेल्या शाळांत तीन वर्षांचा डिप्लोमा करत. शिकणं कमी आणि ड्यूट्या जास्त, असा मामला. हॉस्पिटलला विद्यार्थिनींच्या रूपात फुकटचे हात मिळत. आपल्याकडचा जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा याच परंपरेतून आलेला आहे. १९५१ साली कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात मिल्ड्रेड मोंटॅग यांनी आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधात वेगळी कल्पना मांडली. नर्सिंगमधली सगळी कामं सारखी गुंतागुंतीची नसतात, तेव्हा त्यातल्या मधल्या पातळीच्या कामांसाठी 'नर्सिंग टेक्निशियन' तयार करावी. तिला दोन वर्षांत, हॉस्पिटलच्या ताब्यात न देता, कॉलेजात शिकवावं. तिने वरच्या दर्जाच्या नर्सच्या देखरेखीखाली काम करावं. पुढच्याच वर्षी काही ज्युनियर आणि कम्युनिटी कॉलेजांत हा प्रयोग सुरू झाला.

प्रयोग यशस्वी झाला, आणि तिथेच मोंटॅगबाईंचा हिशोब चुकला. दोन वर्षं शिकलेल्या या मुलींनी इतरांबरोबर राज्याची तीच परवाना परीक्षा दिली आणि त्या पास झाल्या. परीक्षा पास झालेल्याला परवाना नाकारणार कसा? हॉस्पिटलांनाही माणसं हवीच होती. त्यांनी त्यांना त्याच वॉर्डात, त्याच कामाला लावलं. वेगळं काम, वेगळी देखरेख हे सगळं प्रबंधातच राहिलं. १९६५ साली अमेरिकन नर्सेस असोसिएशनने भूमिका घेतली की व्यावसायिक नर्सला किमान बॅचलर्स पदवी हवी. त्यानंतर एकट्या नॉर्थ डकोटा राज्याने ती प्रत्यक्षात आणली, १९८७ मध्ये, आणि २००३ मध्ये तीही मागे घेतली. न्यूयॉर्कने २०१७ मध्ये मधला मार्ग काढला: आधी एडीएन करून कामाला लागा, पण परवाना मिळाल्यापासून दहा वर्षांत बीएसएन पूर्ण करा.

थोडक्यात, एका मर्यादित कामासाठी आखलेल्या दोन वर्षांत आज पूर्ण आरएन घडवायची असते. एवढं सामान दोन वर्षांत मावत नाही. मग त्यातलं निम्मं प्रवेशाच्या आधी ढकललं जातं.

त्या ढकललेल्या भागाला 'प्रीरेक' म्हणतात, म्हणजे प्रवेशाचा अर्ज करण्याआधी पूर्ण करायचे विषय. अॅनॅटमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, तिन्ही प्रयोगशाळेसह. त्याशिवाय इंग्रजी लेखन, मानसशास्त्र, बहुतेक ठिकाणी संख्याशास्त्र आणि मानवी वाढ-विकास. कागदावर सात-आठ विषय दिसतात, आणि दोन सेमिस्टर पुरतील असं वाटतं. पण ते एकमेकांत अडकलेले असतात. फिजिऑलॉजीला बसण्यासाठी अॅनॅटमी झालेली हवी, मायक्रोबायॉलॉजीच्या आधी केमिस्ट्री किंवा बायॉलॉजी हवं. त्यामुळे नोकरी किंवा लहान मूल सांभाळून करणाऱ्यांची यात दीड-दोन वर्षं आरामात जातात. त्यात काही कॉलेजं पाच-सात वर्षांहून जुने विज्ञान विषय धरत नाहीत. मुंबई विद्यापीठात पंधरा वर्षांपूर्वी केलेल्या मायक्रोबायॉलॉजीच्या बीएससीचं डब्ल्यूईएससारख्या, परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून मूल्यमापन करून आणलं, तरी इंग्रजी-मानसशास्त्रासारख्या सामान्य विषयांत सूट मिळते आणि नेमकी मायक्रोबायॉलॉजी पुन्हा करावी लागते, असं होऊ शकतं. राग येतो. पण हा नियम प्रत्येक कॉलेजाचा वेगळा असतो, म्हणून अर्ज करायच्या तीन-चार कॉलेजांच्या समुपदेशकांना आधी गाठावं आणि उत्तर ईमेलवर लेखी घ्यावं. तोंडी 'चालेल' वर विसंबून सेमिस्टर घालवू नये.

या विषयांतले गुण फार महत्त्वाचे, कारण जागा कमी आणि अर्ज भरमसाट. कॅलिफोर्नियातल्या बऱ्याच कम्युनिटी कॉलेजांत विज्ञानातले ग्रेड, टीज या प्रवेश परीक्षेचे गुण, आरोग्यक्षेत्रातला कामाचा अनुभव, इंग्रजीखेरीज येणारी भाषा अशा गोष्टींना गुण देऊन यादी लावतात. काही ठिकाणी किमान पात्रता गाठलेल्यांची चक्क सोडत निघते. टीजमध्ये वाचन, गणित, विज्ञान आणि इंग्रजी असतं. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत निदान ६२ टक्के लागतात, पण तेवढ्यावर चुरशीच्या कॉलेजात काही होत नाही. इतर राज्यांत टीजऐवजी हेसी ही परीक्षाही चालते.

नर्सेसची इतकी टंचाई, तर जागा का वाढवत नाहीत? वर्गखोल्या वाढवता येतात, पण वॉर्ड वाढवता येत नाहीत. हॉस्पिटलमध्ये एका शिक्षिकेमागे दहाच्या आसपास विद्यार्थी, त्याहून जास्त नेता येत नाहीत, आणि त्याच हॉस्पिटलमध्ये आजूबाजूची चार कॉलेजं जागा मागत असतात. शिकवायला सहसा मास्टर्स झालेली नर्स लागते. ती शिकवायला आली तर वॉर्डातल्यापेक्षा तिला पगार कमी मिळतो. मग कोण येणार?

पैशाचा भाग मात्र खरोखर सोपा आहे. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजची फी एका युनिटला, म्हणजे विषय ज्यात मोजतात त्या श्रेयांकाला, ४६ डॉलर पडते. प्रीरेक धरून ऐंशी-नव्वद युनिट झाले तरी फी चार हजार डॉलरच्या आसपास राहते. वर पुस्तकं, युनिफॉर्म, लसी, परीक्षेच्या फिया. रहिवासी नसलेल्यांना मात्र हीच फी कित्येक पटींनी लागते. एच-४ वर असणाऱ्यांना त्या राज्यात एक वर्ष राहिल्याची कागदपत्रं दाखवून बऱ्याच राज्यांत रहिवाशाचा दर लावून घेता येतो. भाड्याचा करार, वीजबिल, ड्रायव्हिंग लायसन्स पहिल्या दिवसापासून स्वतःच्या नावावर करून ठेवलं असेल तर त्याचा इथे उपयोग होतो.

प्रवेश मिळाला की पहिल्या सत्रात काय शिकवतात? अंथरुणावरच्या माणसाला अंघोळ घालणं. माणूस पलंगावर असताना त्याच्याखालची चादर बदलणं. त्याला कुशीवर वळवणं, खुर्चीत बसवणं, रक्तदाब मोजणं, निर्जंतुक हातमोजे कशालाही न शिवता चढवणं. डॉक्टरकी शिकून आलेल्यांना इथे पहिला धक्का बसतो, आणि मला तो धक्का आवश्यक वाटतो. अंघोळ घालताना पाठीवरचा लाल डाग दिसतो, दाबल्यावर तो पांढरा होत नाही, म्हणजे तिथे बेडसोअरची सुरुवात झाली आहे. हे फाइल वाचून कळत नसतं.

प्रत्येक कौशल्य आधी पुतळ्यावर शिक्षिकेसमोर करून दाखवायचं, पास झालं तरच पेशंटला हात लावायचा. आठवड्यात साधारण दोन दिवस वर्ग आणि दोन दिवस क्लिनिकल, म्हणजे प्रत्यक्ष हॉस्पिटल. सकाळची पाळी सातला सुरू होते, विद्यार्थ्यांनी त्याआधी हजर राहायचं. पुढच्या सत्रांमध्ये मेडिकल-सर्जिकल, बाळंतपण, बालरोग, मनोरुग्ण असे वॉर्ड येत जातात. शेवटी एका अनुभवी नर्सच्या हाताखाली तिच्याच पाळ्या करायच्या.

बऱ्याच कॉलेजांत पास व्हायला ७५ टक्के लागतात. ७४ म्हणजे नापास, आणि दोनदा नापास म्हणजे कार्यक्रमातून बाहेर. औषधाच्या मात्रेची गणितं तर ९० टक्के, काही ठिकाणी १०० टक्के बरोबर यावी लागतात. गणित सहावी-सातवीचंच असतं. एक लिटर सलाइन आठ तासांत द्यायचं, म्हणजे ताशी १२५ मिली. एका मिलीत १५ थेंब पडणारा सेट असेल तर मिनिटाला ३१ थेंब. ज्यांना भारतातल्या गणिताचा अभिमान असतो त्यांनीही इथे सांभाळावं, कारण चूक गणितात होत नाही, एककात होते. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅममध्ये हजारपट फरक आहे, आणि वजन पाउंडात सांगितलेलं असतं तेव्हा ते आधी किलोत आणावं लागतं.

खरी अडचण मात्र वेगळीच असते. आपल्या परीक्षांमध्ये 'न्यूमोनियाची लक्षणं लिहा' असा प्रश्न येतो आणि पाठ केलेलं उतरवलं की गुण मिळतात. इथे प्रश्न असा असतो: चार पेशंट आहेत. एकाची जेवणाआधीची साखर १८० आहे. दुसऱ्याचं काल ऑपरेशन झालंय आणि वेदना दहापैकी सात आहेत. तिसरा दम्याचा, त्याच्या छातीतली घरघर मघाशी ऐकू येत होती, आता येत नाही. चौथा डिस्चार्जचे कागद घेऊन घरी जायला ताटकळलाय. तुम्ही आधी कुणाकडे जाल?

वेदनेचं नाव ऐकून मन दुसऱ्याकडे धावतं. घरघर थांबली, म्हणजे तिसरा बरा झाला असंही वाटतं. पण घरघर यायलाही हवा आतबाहेर व्हावी लागते. आवाजच बंद झाला याचा अर्थ श्वासनळ्या इतक्या आवळल्या आहेत की हवाच जात नाही. तिसऱ्याकडे पळायचं. इथे माहिती सगळ्यांकडे असते. कोणती माहिती आत्ता महत्त्वाची, हे विचारलेलं असतं. डॉक्टरकी शिकलेल्या मैत्रिणी अशा प्रश्नांत रोगाचं निदान शोधत बसतात आणि चुकतात. प्रश्न 'काय झालंय' असा नसतो, 'तुझ्या परवान्यात, या मिनिटाला, तू काय करशील' असा असतो.

औषधांचंही तसंच. लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड शरीरातलं पोटॅशियम कमी करतं, एवढं सगळे पाठ करतात. त्याच पेशंटला हृदयासाठी डिगॉक्सिनही चालू आहे, पोटॅशियम उतरलं की डिगॉक्सिनची विषबाधा लवकर होते, आणि सकाळपासून त्याला मळमळतंय, दिव्यांभोवती पिवळट वलय दिसतंय असं तो म्हणतो. या तीन गोष्टी एकत्र जोडून, सकाळची गोळी हातात धरून थांबायचं, नाडी मोजायची, रक्ताचा रिपोर्ट बघायचा आणि डॉक्टरला फोन लावायचा. ही जोडणी शिकायला दोन वर्षंही कमीच पडतात, आणि रात्रभर जागून पाठांतर करून ती येत नाही. बाकी काही नाही केलं तरी पहिल्या सत्रापासून रोज वीस-पंचवीस सरावप्रश्न सोडवावेत, आणि बरोबर आलेल्या उत्तरांचंही स्पष्टीकरण वाचावं.

शेवटची परीक्षा, एनक्लेक्स, संगणकावर होते आणि प्रत्येकाला वेगळे प्रश्न येतात. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की जरा सोपा. तुमची पातळी उत्तीर्ण होण्याच्या रेषेच्या वर आहे की खाली, याची ९५ टक्के खात्री झाली की संगणक तिथेच थांबतो. किमान ८५ प्रश्न, कमाल १५०, वेळ पाच तास. प्रश्न सतत तुमच्या कुवतीच्या काठावरचेच येत असल्यामुळे निम्म्याच्या आसपास उत्तरं चुकणं स्वाभाविक असतं, म्हणून चांगला अभ्यास केलेल्या मुलीही रडवेल्या चेहऱ्याने बाहेर येतात. गुण कळतच नाहीत, फक्त पास की नापास. नापास झालात तर निदान ४५ दिवस थांबून पुन्हा बसता येतं. एप्रिल २०२३ पासून यात एकाच पेशंटची पूर्ण केस देऊन त्यावर सहा प्रश्न विचारायला सुरुवात झाली आहे: काय खटकलं, त्याचा अर्थ काय, आधी काय, उपाय कोणते, काय केलं, पेशंटला गुण आला का.

परवाना तोच, पण नोकरीच्या बाजारात दोन्ही पदव्यांकडे एकाच नजरेने बघत नाहीत. २००३ मध्ये लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या हॉस्पिटलांत बॅचलर्स झालेल्या नर्सेसचं प्रमाण जास्त, तिथे शस्त्रक्रियेच्या पेशंटांचे मृत्यू कमी, असं त्यात दिसलं. यामागे पदवीच आहे की अशा हॉस्पिटलांतल्या इतर चांगल्या गोष्टी, यावर वाद घालता येतो, पण मोठ्या हॉस्पिटलांनी जाहिरातींत 'बीएसएनला प्राधान्य' लिहायला सुरुवात केली. २०१० च्या एका राष्ट्रीय अहवालाने २०२० पर्यंत ८० टक्के नर्सेस बीएसएन व्हाव्यात असं लक्ष्य ठेवलं होतं, ते गाठलं गेलं नाही. त्यामुळे एडीएनवाल्यांची पहिली नोकरी बहुधा छोट्या हॉस्पिटलात, नर्सिंग होममध्ये (इथे म्हणजे वृद्धांच्या देखभालीचं केंद्र), डायलिसिस केंद्रात लागते आणि त्या नोकरी करता करता ऑनलाइन बीएसएन पूर्ण करतात. ते जमण्यासारखं असतं, बऱ्याच हॉस्पिटलांत फीचा काही भागही मिळतो. फ्लोरिडा आणि वॉशिंग्टनमध्ये कम्युनिटी कॉलेजं स्वतःच बीएसएन देतात. कॅलिफोर्नियात तसं विधेयक २०२४ मध्ये मंजूर होऊन गव्हर्नर न्यूसम यांच्यापर्यंत गेलं आणि त्यांनी ते परत पाठवलं.

आता व्हिसा. एच-४ वर शिकायला हरकत नाही, एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा करायची गरज नाही. क्लिनिकल बिनपगारी असतं. नोकरीला मात्र कामाचा परवाना लागतो, आणि एच-४ वाल्यांना तो २०१५ च्या नियमानुसार ठरावीक परिस्थितीतच मिळतो. मुख्यतः नवऱ्याच्या किंवा बायकोच्या ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला आय-१४० हा अर्ज मंजूर झाला असेल तर. तो परवाना नसेल तर हॉस्पिटल एच-१बी हा नोकरीचा व्हिसा करून देईल अशी आशा धरू नये. एच-१बी अशा कामांना मिळतो ज्यांना किमान बॅचलर्स पदवी लागतेच. आरएन व्हायला एडीएन पुरते, म्हणून साध्या आरएनच्या नोकरीला तो सहसा नाकारतात, अगदी तुम्ही स्वतः बीएसएन असलात तरी. मोंटॅगबाईंच्या प्रबंधाने ही अशीही गाठ मारून ठेवली आहे.

भारतातून बीएससी नर्सिंग किंवा जीएनएम करून आलेल्यांनी हे सगळं पुन्हा करायची गरज नसते. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडची नोंदणी आणि कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट यांच्या आधारे राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडे एनक्लेक्ससाठी अर्ज करावा; बऱ्याच राज्यांत त्यासाठी सीजीएफएनएससारख्या संस्थेकडून शिक्षणाचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं. काही तास किंवा विषय कमी भरले तर काही राज्यांत बोर्ड तेवढेच पूर्ण करायला सांगतं.

काही बारीकसारीक, पण वेळ खाणाऱ्या गोष्टी. क्लिनिकलआधी टीबीची चाचणी लागते. लहानपणी बीसीजी टोचलेल्यांची त्वचेवरची चाचणी टीबी नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते, मग एक्स-रे आणि कागदपत्रांची धावपळ. सरळ क्वांटिफेरॉन ही रक्ताची चाचणी मागावी, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. गोवर, कांजिण्या, हेपटायटिस बी यांची प्रतिकारशक्ती रक्त तपासून दाखवावी लागते. हेपटायटिसचे तीन डोस घ्यायचे झाले तर त्यातच सहा महिने जातात, तेव्हा ते प्रीरेक चालू असतानाच उरकावं.

लवकर आणि हमखास प्रवेश देणाऱ्या खासगी संस्थांच्या जाहिराती दिसतील. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणांनी फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग शाळांमधून विकलेल्या सुमारे ७,६०० बनावट पदव्यांचं प्रकरण उघड केलं. राज्याच्या नर्सिंग बोर्डाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त कार्यक्रमांची यादी असते, तिथे बहुतेक ठिकाणी प्रत्येक कॉलेजचा एनक्लेक्सचा निकालही दिलेला असतो. त्या यादीत नाव नसेल तर पुढे काही विचारू नये.

आणि सुरुवात अॅनॅटमीने करायची तर नावनोंदणीची तारीख आधी बघून ठेवा. कम्युनिटी कॉलेजात नव्या विद्यार्थ्यांचा नोंदणीचा क्रम सगळ्यात शेवटी लागतो आणि तोवर अॅनॅटमीचे वर्ग भरलेले असतात. प्रतीक्षायादीत नाव घाला, आणि तिथेही वर नसलात तरी पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसा. जे नोंदणी करून येत नाहीत त्यांची नावं प्राध्यापक त्याच दिवशी काढतात आणि समोर बसलेल्यांना प्रवेशाचा कोड देतात.